चौथा कोपरा

शनिवारी सकाळी दीक्षा पाईकराव ऑफिसात शिरली ती बसायचं सोडून थेट टेबलावर फोन ठेवून म्हणाली, "मॅडम, संध्याकाळी पाचच्या आत मी चोर नाही हे सिद्ध करून द्या."

संघप्रिया गमरेंनी फोनकडे न बघता तिला आधी पाणी दिलं. कोपरखैरण्यातल्या त्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत खासगी तपासाचं काम त्या सात वर्षं करत होत्या, आणि घाबरलेल्या माणसाला पाणी पाजल्याशिवाय प्रश्न विचारायचा नाही हा त्यांचा नियम होता. बाजूच्या खुर्चीत मधुकर परुळेकर होते. हे पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ. घरी बसून बायकोच्या कामात लुडबुड करण्यापेक्षा इथे येऊन संघप्रियाच्या कामात केलेली बरी, असं त्यांनी दोन वर्षांपूर्वी ठरवलं होतं. आपल्याला गुन्हेगार चेहऱ्यावरून ओळखता येतो असा त्यांचा समज होता. तो अजून एकदाही खरा ठरला नव्हता, पण समजाला कोण विचारतो.

दीक्षाची हकीकत थोडक्यात अशी. तिची सासू भिमाबाई परभणीकडची. जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. दीक्षाने त्याच शिवणीची लॅपटॉपची कव्हरं काढली, 'वाकळ' नावाचं पेज सुरू केलं आणि बघता बघता बोनकोडे गावातल्या आठ बायका तिच्याकडे शिवायला येऊ लागल्या. नव्या कव्हरांचं लाँच उद्या, रविवारी अकराला होतं. बेलापूरच्या एका कंपनीतले सुधीर देवस्थळी तीनशे कव्हरं घ्यायला तयार झाले होते.

आणि काल संध्याकाळी 'गाठोडं स्टुडिओ' नावाच्या, कधी कोणी न ऐकलेल्या पेजवर दीक्षाचं कव्हर झळकलं. वर मजकूर, 'आमचं डिझाइन. नकलांपासून सावध राहा.'

"देवस्थळी सर म्हणाले, ज्याने आधी टाकलं त्याचं डिझाइन. पाचपर्यंत पुरावा द्या, नाहीतर विषय संपला," दीक्षा म्हणाली. "ऑर्डरचं जाऊ दे एक वेळ. आईंचं नाव चोरीत आलं, ते मला सहन होत नाहीये."

मग तिने फोटो दाखवला. हिरव्या इरकलीचं कव्हर, बारीक धावदोरा, खालच्या एका कोपऱ्यात निळ्या चौकड्यांचा एवढासा त्रिकोण. मागे करडी भिंत आणि बाजूला निळं स्टूल. ती भिंत आणि ते स्टूल तिच्या फोटोग्राफरचं, निशांतचं होतं, हे दीक्षाने ओळखलं होतं. तिच्या पेजवरच्या जुन्या प्रत्येक फोटोत ते दिसत होतं. एवढंच नाही, तर काल रागाच्या भरात तिने छोट्या उद्योजकांच्या दीडशे जणांच्या ग्रुपवर निशांतला नाव घेऊन चोर म्हटलंही होतं.

"मग कोडं कुठे राहिलं?" मधुकर म्हणाले.

"काका, सावल्या बघा," संघप्रिया म्हणाल्या.

स्टुलाची सावली उजवीकडे पडली होती, कव्हरची डावीकडे. मधुकरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दोन दिवे लावले असतील, त्यात काय, असं म्हणून त्यांनी तो विषय आपल्यापुरता मिटवला.

लाँचच्या आधी ही कव्हरं कोणी कोणी पाहिली होती, हे संघप्रियांनी विचारलं. घरच्या आणि शिवणाऱ्या बायकांकडे एकेक तुकडा असायचा, अख्खं कव्हर जुळवायच्या फक्त भिमाबाई. त्यामुळे सासू-सुना सोडल्या तर पूर्ण कव्हर पाहणारे तिघंच. बुधवारी फोटो काढणारा निशांत. पॅकिंग आणि कुरिअर बघणारी नणंद अक्षता. आणि वाशीत ऑनलाइन मार्केटिंगचे वर्ग घेणाऱ्या गीतांजली मॅडम, ज्यांच्यामुळे दीक्षाला हे सगळं सुचलं. गुरुवारी घरी आल्या तेव्हा भिमाबाईंनी त्यांना याच हिरव्या इरकलीतलं एक कव्हर स्वतःच्या हाताने भेट दिलं होतं. इरकलीची एकूण चार कव्हरं निघाली होती, तीन घरात होती.

निशांतचा स्टुडिओ रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात होता. डावीकडे मोठी खिडकी, समोर करडी भिंत, निळं स्टूल. पोराची रात्रभर झोप झालेली दिसत नव्हती. दोन गिऱ्हाइकांनी सकाळीच काम काढून घेतलं होतं.

"मी कशाला चोरू, मॅडम? माझंच स्टूल फोटोत ठेवून चोरी करीन, एवढा येडा वाटतो का मी?"

"दिवे कुठले वापरतोस?"

"एकपण नाही. खिडकीचा उजेड, बस."

त्याने बुधवारचे सगळे फोटो उघडून दाखवले. सहा कव्हरं, त्यात चार हिरवी. प्रत्येक फोटोत कव्हरचा एक कोपरा मागे दुमडलेला होता. का, असं विचारल्यावर तो कुरकुरला. माल अर्धवट पाठवला होता म्हणे, प्रत्येकाचा एक कोपरा उघडाच. डिफेक्ट दिसू नये म्हणून त्याने तो लपवला होता, आणि त्याचं कौतुक राहिलं बाजूला, वर चोर ठरला.

रिक्षात मधुकरांनी आपलं मत दिलं. हा पोरगा फार बोलतो, म्हणजे दोषी.

बोनकोड्यातल्या घरी अक्षता खोक्यांच्या ढिगात बसली होती. तिचं दीक्षाशी महिनाभर धुसफुसत होतं हे तिने स्वतःच सांगून टाकलं. पेज वहिनीचं, नाव वहिनीचं, आणि टेप लावून लावून बोटं सोलतात ती हिची. तिला वेगळं काहीतरी सुरू करायचं होतं. मधुकरांनी संघप्रियांकडे अर्थपूर्ण पाहिलं. निशांत त्यांच्या यादीतून उतरला आणि अक्षता चढली.

"उशीर झाला की लोक मला बोलतात," अक्षता म्हणाली. "आणि आमची आई शेवटचे टाके माल घरातून निघायच्या दिवशीच घालणार. आधी घाल म्हटलं तर ऐकत नाही. तोपर्यंत मी खोकी उघडी ठेवून बसायचं."

संघप्रियांनी कपाटातली तिन्ही हिरवी कव्हरं बाहेर काढायला लावली. एकेक हातात घेऊन फिरवलं, कोपऱ्यातून बोट आत घालून पाहिलं आणि होती तशी परत ठेवली. भिमाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. सत्तरीच्या बाईला तिच्याच शिवणीवरून कोणी चोर म्हणावं, याचा मधुकरांना पहिल्यांदा खरा राग आला.

वाशीचा वर्ग थंडगार होता. भिंतीवर विद्यार्थिनींच्या मालाचे फोटो फ्रेम करून लावले होते, मेणबत्त्या, लोणची, कानातली. गीतांजली मॅडमनी दोघांना कॉफी दिली आणि दीक्षाबद्दल मनापासून हळहळल्या. वर्गाचा त्यांचा पहिलाच धडा असा असायचा की प्रत्येकीने कोणालाही न दाखवलेली एक वस्तू घेऊन यायची. संघप्रियांनी मेणबत्त्यांच्या फ्रेमकडे बोट दाखवून या बाई आता काय करतात असं विचारलं. त्यांनी बंद केलं, बाजारात तसाच माल आला, असं उत्तर मिळालं.

"दीक्षाने आता शांत राहावं," मॅडम म्हणाल्या. "लाँच रद्द करावं. भांडलं की पेजची इमेज जाते. मी तिला दुसरी आयडिया देते."

भेट मिळालेलं कव्हर बघायला मिळेल का, असं संघप्रियांनी विचारलं. मॅडमनी पिशवीतून लगेच काढून दिलं, आत लॅपटॉपही होता. संघप्रियांनी निळ्या चौकड्यांच्या त्रिकोणावर अंगठा दाबला. खाली काहीतरी बारीक, खरखरीत लागलं. त्यांनी तो मधुकरांनाही दाबून बघायला सांगितला.

"सुंदर आहे. तुमच्याकडून कोणी बघायला नेलं होतं का?"

"छे. गुरुवारपासून माझ्याच पिशवीत आहे. लाँचच्या आधी कोणाला कसं दाखवीन? तेवढी नीती मी पाळते."

खाली आल्यावर मधुकरांनी सुटकेचा श्वास सोडला. तिघांपैकी एक तरी सज्जन निघालं, असं ते म्हणाले. संघप्रियांनी त्यांना चारला सगळ्यांना दीक्षाच्या घरी बोलवायचं काम दिलं, आणि गीतांजली मॅडमना कव्हर सोबत आणायची आठवण करायला सांगितलं.

चारला पाईकरावांची बाहेरची खोली भरली. निशांत दाराजवळ उभा राहिला, कोणी बस म्हटलं नाही. अक्षता खोक्यावर, गीतांजली मॅडम सोफ्यावर. दीक्षाने फोन हातात घट्ट धरला होता.

संघप्रियांनी तिन्ही हिरवी कव्हरं मध्ये मांडली आणि चौथं मॅडमकडून मागून त्यांच्या शेजारी ठेवलं.

"सुरुवात फोटोपासून," त्या म्हणाल्या. "स्टुलाची सावली एका बाजूला, कव्हरची दुसऱ्या. निशांतकडे एकच खिडकी आहे, दिवा नाही. त्याच्या गाळ्यात असा फोटो निघूच शकत नाही. कव्हरचा फोटो दुसरीकडे काढला आणि दीक्षाच्या पेजवरच्या जुन्या फोटोतली भिंत आणि स्टूल मागे चिकटवलं. हे आता फोनवर कोणालाही येतं. म्हणजे निशांतवर आळ यावा ही सोय मुद्दाम केलेली."

"मग अक्षता," मधुकर पुटपुटले, आणि लगेच ओशाळले.

"अक्षता कपाटातलं कव्हर घेऊन फोटो काढू शकली असती. पण काका, ही तीन हातात घ्या. खालचा कोपरा बघा."

मधुकरांनी एक उचललं. चौथा कोपरा उघडा होता, त्यांचं बोट सरळ आत गेलं. दुसऱ्याचा तसाच, तिसऱ्याचाही. तिथे त्रिकोण नव्हताच.

"निशांतला हा डिफेक्ट वाटला. अक्षताला आईचा हट्ट वाटला. खरं काय ते आई सांगतील."

भिमाबाई पदराला हात पुसत पुढे आल्या. "वाकळ उपाशी घराबाहेर धाडू नाही," त्या म्हणाल्या. "एक कोपरा ठेवायचा. ज्या दिशी ती दुसऱ्याच्या घरी निघल, त्या दिशी आत तांदळाचे चार दाणे घालायचे अन् वरून ठिगळ लावून तोंड शिवायचं. घास म्हणतो आमी त्याला. देवबिव काही नाही त्यात, माझ्या मायची रीत हाय. ठिगळ मी आमच्या मालकाच्या सदऱ्याचं लावते. शिवराम गेले, सदरे ऱ्हायले."

निळ्या चौकड्या. मधुकरांच्या अंगठ्याला वाशीतली खरखर पुन्हा जाणवली, आणि आपण किती वेळ डोळ्यांवर हात ठेवून बसलो होतो ते त्यांना कळलं.

"नव्या मालातली हिरवी कव्हरं चार," संघप्रिया म्हणाल्या. "तीन अजून घरातून निघालेली नाहीत, म्हणून उपाशी आहेत. घास पोटात असलेलं एकच, गुरुवारी भेट गेलेलं. आणि चोरलेल्या फोटोत घास आहे. ज्याने फोटो काढला त्याला ती डिझाइनमधली नक्षी वाटली. घरच्या माणसाला वाटली नसती; दीक्षाने रागात फक्त मागची भिंत पाहिली, म्हणून तिच्या ध्यानात आलं नाही. निशांतने तर तो कोपरा कधी बंद पाहिलाच नाही."

गीतांजली मॅडम हसल्या, पण उशिरा. वर्गात येणाऱ्या कोणीतरी परस्पर फोटो काढला असेल, असं त्या म्हणाल्या.

"गुरुवारपासून तुमच्याच पिशवीत, कोणाला दाखवलं नाही. काकांच्या समोर बोललात तुम्ही. फोटो शुक्रवारी आला." संघप्रियांचा आवाज चढला नाही. "न दाखवलेली वस्तू प्रत्येकीकडून मागवून घ्यायची, आणि ती बाजारात आली की लाँच रद्द करायचा सल्ला द्यायचा. मेणबत्त्या करणाऱ्या बाईंना मी दुपारी शोधून फोन केला. त्यांनाही हाच सल्ला मिळाला होता."

मॅडमनी आपलं कव्हर उचललं आणि निळ्या त्रिकोणावर अंगठा दाबला.

"नऊ वर्षं शिकवतेय," शेवटी त्या म्हणाल्या. "सगळ्यांच्या हाताला काहीतरी येतं. माझ्या हाताला काहीच येत नाही. फक्त कसं विकायचं ते येतं."

"मग आमचं विकून द्यायचं की, बाई," भिमाबाई म्हणाल्या. "आमी काय नको म्हनलो असतो?"

मॅडमनी तिथेच बसून 'गाठोडं स्टुडिओ'वरून खरी हकीकत जाहीर केली आणि देवस्थळींना स्वतः फोन लावून सांगितली. पाचला सात मिनिटं कमी असताना देवस्थळींचा दीक्षाला फोन आला. ऑर्डर कायम होती. अक्षताने वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला. दीक्षा रडली, आणि मधुकरांनी काम झालं म्हणून चपला शोधायला सुरुवात केली.

"काका, थांबा," संघप्रिया म्हणाल्या. "काल एका माणसाला दीडशे लोकांसमोर चोर म्हटलं गेलंय. पुरावा नसताना. ते अजून तसंच आहे."

दीक्षाचं रडणं थांबलं. दिवसभर ती स्वतःवरच्या आळाने तडफडत होती, आणि तोच आळ तिने एका फोटोवरून दुसऱ्याच्या कपाळी मारला होता. तिने ग्रुप उघडला. कालचा मेसेज पुसण्यासाठी बोट ठेवलं, मग काढून घेतलं. त्याच्याच खाली तिने लिहिलं आणि पाठवण्याआधी सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवलं. निशांतने काही चोरलेलं नाही. मी न विचारता, न तपासता त्याचं नाव घेतलं. चूक माझी आहे, आणि त्याची गेलेली कामं माझ्यामुळे गेली आहेत.

निशांत दाराजवळून हलला नाही. त्याचे डोळे लाल होते.

"माझी आई पण आहे त्या ग्रुपवर," तो म्हणाला. "पापड विकते. काल तिने वाचलं."

दीक्षाने तिथेच त्याच्या आईचा नंबर मागितला. पहिली रिंग संपायच्या आत तिकडून कोणीतरी हॅलो म्हटलं, आणि दीक्षा उभी राहून बोलायला लागली.