टाक्यावरचा हात

बसा, आणि तो दिवा जरा इकडे सरकवा. सांगतो सगळं, पण मध्येच विनोद करू नका. हसू आलं की मला आधी पोटावर हात दाबावा लागतो, आणि तो हात दर वेळी माझाच असतो असं नाही.

माझा धंदा सामान हलवायचा. कपाटं, फ्रीज, पलंग... जिन्यावरून वर न्यायचे, जिन्यावरून खाली आणायचे. पंचवीस वर्षं ओझी उचलली आणि एक दिवस जांघेत लिंबाएवढा फुगवटा आला. हर्निया! दोन वर्षं तो हाताने आत ढकलत काम रेटलं. शेवटी बायकोने कान धरून दवाखान्यात नेलं.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारे शिंपी होते. त्यांचंही हर्नियाच, दोघांचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यांचं माझ्या आधी. मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालतात ती धातूची टोपी. जेवतानाही काढायचे नाहीत. सर्जन तपासायला आले तर काका त्यांनाच विचारतात, "टाका कुठला घालणार? धावदोरा की बखिया?"

सर्जन हसले, मी तर असा हसलो की लिंबू टचकन बाहेर! काकांनी वाकून त्यावर पंजा दाबला.

"पैलवान, खोकताना, हसताना, उठताना आधी हात दाबायचा. नाहीतर शिवण उसवते."

"माझ्या लक्षात कुठलं राहतंय, काका."

"मी आहे ना शेजारी. काम पुरं झाल्याशिवाय शिंपी दोरा तोडत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाटेवर परत आलो. दोन खाटांमधला पडदा ओढलेला होता. पंखा कुरकुरत होता, स्पिरिटचा वास नाकात बसला होता. घशात खोकला चढू लागला. तेवढ्यात पडद्याखालून एक हात आला आणि टाक्यांवर टेकला. चार बोटं ऊबदार, एकाचं टोक गार.

"काका... तुमचं झालं?"

"आधी तुझं..." पलीकडून हलकेच उत्तर आलं.

तीन दिवस तो हात येत होता. खोकला माझ्याही आधी त्याला कळायचा. घरी जायच्या दिवशी नर्सने पडदा सारला. पलीकडे गुंडाळलेली गादी होती.

"काका आधीच गेले घरी?"

ती माझ्याजवळ बसली. "ऑपरेशन थिएटरच्या दारातच त्यांचं हृदय थांबलं हो. तुमचे टाके ओले होते, रडून ताण आला असता... म्हणून कुणी बोललं नाही."

मग मी रडलोच, लहान मुलासारखा. आणि पहिला हुंदका फुटायच्या आत टाक्यांवर तो हात येऊन बसला.

जखम भरली, पण जांघेवरचा पंजाएवढा भाग कायमचा बधिर झाला. चिमटा काढा, कळत नाही. फार वेळ बसलो तर आतून दोरी ओढल्यासारखं होतं. सर्जन म्हणाले, "हे आता राहणार. वजन उचलायचं नाही. पुन्हा फाटलं तर जिना विसरा." जिना विसरून मी काय करू? त्या बधिर जागेत मला एकच गोष्ट कळायची, तो हात. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं, तुमच्याकडे लक्ष द्यायला आणखी एक माणूस मिळालं."

सहा महिन्यांनी कामावर गेलो, पण फक्त पायऱ्या मोजायला. ओझं धरून उलटा उतरणाऱ्याला मागचं दिसत नाही. शेजारी चालणारा सांगतो, "पायरी... पायरी... जमीन." त्याच्या शब्दावर तो पाय टाकतो. एका दुपारी शिलाई मशीन उतरवायचं होतं, लोखंडी पायांचं. मालकीणबाई म्हणाल्या, "बाबांचं आहे, जपून. दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत." सुईत निळा दोरा अजून ओवलेला होता. कुणाचं मशीन ते मी ओळखलं होतं.

भीती लपवायला मी जिन्यात चेष्टा करत सुटलो. मशीन धरून उलटा उतरणारा जोडीदार हसला, मीही हसलो, आणि हसता हसता एक पायरी आधीच "जमीन" म्हणून गेलो.

त्याचा पाय हवेत पडला. मशीन त्याच्या छातीवर झुकलं. मी काही विचार न करता दोन्ही हातांनी खालून झेललं. सगळा भार पोटावर आला. आता फाटतंय, असं वाटलं... आणि बधिर जागेवर चार ऊबदार बोटं आणि एक गार टोक घट्ट बसलं. मशीन अलगद जमिनीवर टेकलं. जोडीदार धडधाकट, मी धडधाकट! आम्ही दोघं जिन्यात बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो.

संध्याकाळी बायकोने पाहिलं. जुन्या व्रणाच्या टोकाला एक ताजा टाका होता. बारीक, सुबक, निळ्या दोऱ्याचा. तिथे सुई लागली तरी मला कळणार कसं? दोऱ्याचं टोक बोटभर लोंबत होतं, न तोडलेलं. ती कात्री आणायला उठली.

"थांब," मी म्हणालो. "काम पुरं झालेलं दिसत नाही."

तेव्हापासून मी मजेत आहे. पुन्हा जिने चढतो, पोटभर हसतो. सर्जन म्हणतात, अशी भरलेली जखम पाहिली नाही. बायको रोज सकाळी टाके मोजते. आज अकरा झाले. एवढंच कळत नाही... माझं फाटलं होतं जांघेत, मग टाके वर वर, छातीच्या डाव्या बाजूकडे का निघालेत? आणि जिथवर ते पोचलेत, तिथवर मला आता काही कळेनासं झालंय.