हेही कळवावं लागेल?

किनाऱ्यावरच्या पेकालोंगान शहराच्या बाजारात सकाळचा मेगोनो संपत आला होता. कोवळ्या फणसाची कुयरी आणि खोबरं घातलेल्या त्या भाताची शेवटची पुडी एका तरुणाच्या हाती गेली आणि मागे उभ्या विडुरीचा चेहरा पडला.

"घ्या, तुम्हीच घ्या," त्याने पुडी पुढे केली. "पैसे दिलेत मी. उपाशीपोटी माणूस चिडकं होतं."

"मी चिडकी वाटते?"

"अजून नाही... पण वाटेवर आहात."

विडुरी हसली, नको नको म्हणत पुडी घेतली आणि चालता चालता फस्तही केली. आता नशीब बघा कसं, तासाभराने परवाना कचेरीत तिच्या खिडकीसमोर तोच येऊन बसला! नाव गालिह, धंदा मेणाची नक्षी काढून बातिकचं कापड रंगवायचा, अर्ज सांडपाण्याच्या परवान्याचा. आणि तपासणी अधिकारी कोण, तर आमच्या विडुरीबाई.

तो ओळखीचं हसला. तिला मात्र सकाळचा भात आठवला. अर्जदाराकडून साधा चहा घेतला तरी वर कळवायचा, हा नियम आता साऱ्या देशात होता. ती उठून तडक एन्दांगबाईंकडे, म्हणजे तिच्या साहेबांकडे गेली.

"परत करून टाक," एन्दांगबाई म्हणाल्या.

"खाल्ला."

"सगळा?"

"केळीचं पान उरलंय."

एन्दांगबाईंनी हसू दाबलं आणि तो भात गालिहसमोरच रीतसर वर कळवायला लावला.

पुढच्या आठवड्यात ती तपासणीला गेली. भरतीचं पाणी गल्लीत शिरलं होतं, शेजारच्या घरांतून वितळत्या मेणाचा वास येत होता. गालिहच्या कारखान्यात मात्र चुली थंड होत्या. परवाना मिळेपर्यंत काम बंद. पाण्यावर टाकलेल्या फळीपाशी ती अडखळली, तसा त्याने हात पुढे केला.

"हात धरला तर... हेही कळवावं लागेल?"

"पडले तर ते कळवावं लागेल."

तिने हात धरला. फळी संपली, तरी सोडायचं काही दोघांच्या लक्षात आलं नाही.

सांडपाण्याच्या टाकीपाशी तिने चाचणीसाठी सोडलेल्या पाण्याचा नमुना घेतला.

"कसं वाटतंय, मॅडम?"

"काय?" ती दचकलीच.

"पाणी हो," तो हळूच म्हणाला. "मी पाण्याचं विचारतोय."

ईद तोंडावर आली होती. सेमारांगच्या एका व्यापाऱ्याने सणाचा मोठा माल त्याला सांगितला होता. परवाना लवकर आला नाही, तर तो माल दुसरीकडे जाणार आणि त्याच्याकडे रंगकाम करणाऱ्या बाया सणाला हात चोळत बसणार. विडुरीला हे सगळं ठाऊक होतं. नमुन्याचा निकाल आला तो बरा होता, पण एका बाबतीत अगदी मर्यादेच्या काठावर. दुसऱ्या कोणाचा असता, तर आपण पुन्हा तपासला असता का? ती विचार करकरून थकली, पण उत्तर येईना. तिथेच तिला कळून चुकलं. ती त्याच्या प्रेमात पडली होती आणि तिची नजर तिची राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी भर कचेरीत, गालिह समोर बसलेला असतानाच, तिने फाइल एन्दांगबाईंपुढे ठेवली.

"ही दुसऱ्या कुणाला द्या, बाई."

"का? कारण अर्जदारासमोर सांगावं लागतं."

गालिह ताडकन उठला. "दुसऱ्याला? म्हणजे पुन्हा पहिल्यापासून? माझा ईदचा माल जाईल हो, मॅडम."

"जाईल," ती म्हणाली. "माहीत आहे मला."

"माझं चुकलं तरी काय?"

"तुमचं काही नाही चुकलं. तुमच्याकडे पाहिलं की... मला टाकी दिसत नाही."

रांगेतल्या माणसांच्या माना वळल्या. एन्दांगबाईंनी चष्मा नीट केला. "म्हणजे कारण, नातं. कोणतं नातं, विडुरी?"

"नातं नाहीये अजून," ती कशीबशी म्हणाली. "एकाच बाजूने आहे. माझ्या."

गालिह मटकन खाली बसला. तोंडावरून हात फिरवला. विडुरीला वाटलं, झालं, संपलं सगळं. ज्याचा घास काढून घेतला, तो कशाला आपलं तोंड पाहील?

"बाई," तो शेवटी एन्दांगबाईंना म्हणाला. "माल गेला तो गेला. पण कारण खोटं लिहू नका... दोन्ही बाजूंनी आहे म्हणून लिहा."