लिंबाखालची पिकअप

त्र्याहत्तर सालच्या वैशाखात, डोक्यावर पंचा टाकून, मच्छिंद्र नगरच्या भंगारबाजारात एक रोटर शोधत हिंडत होता. रोटर म्हणजे अंगठ्याएवढा काळा तुकडा. इंजिनाच्या कडेला करंट वाटणारा एक डबा असतो, त्याच्या झाकणाखाली तो बसतो. तो काढून घेतला की मग मारा कितीही हँडल, गाडी ढिम्म हलत नाही. परगावी मुक्काम पडला की ड्रायव्हर लोक तो काढून खिशात टाकतात आणि निवांत झोपतात. मच्छिंद्रला ही युक्ती त्याच्या थोरल्या भावानं, गहिनीनाथनं शिकवली होती.

गाडीही गहिनीनाथचीच. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानं लिलावात काढलेली अमेरिकन पिकअप. पाथर्डीच्या अलीकडं लव्हाळवाडीत, घरापुढच्या लिंबाखाली ती बारा वर्षं उभी होती. टायर मातीत रुतले होते आणि सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. दुष्काळानं गावची विहीर कोरडीठाक पडली, सरकारी टँकर आठवड्यातनं एकदा यायचा, तोही आला तर. शेवटी सरपंच आप्पासाहेब घरी आले. पिकअप चालू करून तिच्यावर टाकी बसवली तर गाव जगेल, असं त्यांनी सांगितलं. गहिनीनाथ खाली मान घालून ऐकत होता. बायको गेल्यापासून त्यानं गाडीला बोट लावलेलं नव्हतं. "काढा," एवढंच तो म्हणाला.

ते ऐकून मच्छिंद्रनं नगरची वाट धरली. त्याला कारणही तसंच होतं.

बारा वर्षांमागं मढीच्या जत्रेच्या दिवशी दोघा भावांचं वाजलं होतं. मच्छिंद्रला मित्रांना घेऊन गाडीनं जत्रेला जायचं होतं. मुक्ताबाईचे, म्हणजे त्याच्या वहिनीचे दिवस भरत आले होते, म्हणून गहिनीनाथ गाडी दारातून हलू देईना. मच्छिंद्रचं डोकं फिरलं. मला नाही तर कुणालाच नाही, असं म्हणून त्यानं रोटर काढला, खिशात टाकला आणि पायी मढीला निघून गेला. संध्याकाळी परत आला की गुपचूप बसवून टाकू, असा त्याचा हिशेब होता. तो रेवड्या खात होता तेव्हा इकडं मुक्ताबाईला कळा सुरू झाल्या. लोक सांगत, गहिनीनाथनं हँडल मारून मारून तळहाताची सालटी काढली. शेवटी नगरच्या दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपली. करंजीच्या घाटात मुक्ताबाई गेली आणि पोटातलं पोरही गेलं. मच्छिंद्र घरी पोचला तेव्हा लिंबाखाली ही गाडी आणि घराला कुलूप. घाबरून त्यानं रोटर गावच्या विहिरीत फेकला.

गहिनीनाथ कधी काही बोलला नाही. त्या दिवशी त्यानं डब्याचं झाकण उघडून पाहिलं होतं की नाही, हा एकच प्रश्न मच्छिंद्रनं बारा वर्षं भाकरीबरोबर गिळला. आता मिस्त्री ते झाकण उघडणार होता. रोटर नाही म्हटल्यावर त्याला उलगडा व्हायला कितीसा वेळ लागणार? म्हणून ही नगरची वारेमाप पायपीट. संध्याकाळी कुठं एका गाळ्यात मापाचा रोटर मिळाला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सगळं गाव दार लोटून पडलेलं असताना तो गाडीपाशी गेला. पानसुद्धा हलत नव्हतं. बॉनेट उचललं तसा वास आला, ओल्या गाळाचा. असा वास त्या साली पंचक्रोशीत कुठं नव्हता. त्यानं डब्याचे चिमटे सोडले, झाकण काढलं. आत रोटर होता.

मच्छिंद्रनं बोट लावलं. रोटर गार होता. बोटाला हिरवट चिखल लागला. आजूबाजूला सगळ्या इंजिनावर बारा वर्षांची धूळ, बोटभर जाड, आणि त्या धुळीवर कुणाच्या हाताची साधी रेघही नव्हती. त्यानं झाकण लावलं आणि नवा रोटर खिशात घेऊन घरात येऊन पडला. त्याची बायको साळूबाई म्हणाली, ऊन लागलं असेल, कांदा ठेवा उशाला. त्यानं ठेवला.

तिसऱ्या दिवशी नबीलाल मिस्त्री तिसगावहून सामान घेऊन आला. हाडाचा कारागीर. त्यानं पेट्रोलची टाकी धुतली, कार्बोरेटर उघडून साफ केला, नवे प्लग आणि बॅटरी घातली, टायर बदलले, मागच्या सडक्या फळ्या काढून बाभळीच्या ठोकल्या. ओझं झेलणाऱ्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एकेक पान वाढवलं, वर लोखंडी पट्ट्यांनी टाकी आवळली आणि खाली पितळी नळ बसवला. सीट फाडून नवा काथ्या भरला, वर रेक्झिन ताणलं. गाडी नव्या नवरीसारखी दिसायला लागली. गहिनीनाथ ओट्यावरून नुसता बघत होता.

काम उरकल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नबीलाल सीटपुढं कंबरेवर हात ठेवून उभा. सीट मधोमध दबली होती.

"कोन बसलं हुतं का इथं?"

कुणी बसलं नव्हतं. त्यानं पुन्हा काथ्या कोंबला, दाबून दाबून भरला. दुपारी परत तेच. ड्रायव्हरची जागा ताठ, खिडकीकडची ताठ, मधली तेवढी खाली. नबीलालनं मग त्या सीटला हात लावला नाही. हत्यारं गोळा करताना मात्र तो मच्छिंद्रला बाजूला घेऊन म्हणाला, "झाकन उघडलं तवा रोटर वल्ला हुता. बारा वर्सं हुबी गाडी, आन् आत पानी कुठलं?"

गाडी पहिल्याच हँडलला चालू झाली. पहिल्याच. गाव जमलं होतं, बायकांनी पाणी वाया जायला नको म्हणून चाकांवर नुसतं हळदकुंकू वाहिलं. त्या आवाजात गहिनीनाथ ओट्यावरून उठला, धोतराचा सोगा खोचला आणि स्टिअरिंगवर जाऊन बसला. मच्छिंद्र पलीकडच्या दारानं चढला. मधे सरकायचं त्याच्या मनात आलं, पण अंगच वळेना. तो दाराला चिकटून बसला.

तिसगावच्या एका बागाईतदाराच्या विहिरीवर टाकी भरली. गावात बायका हंडे मांडून बसल्या होत्या. फाट्यावर आल्यावर गहिनीनाथनं गाडी गावाकडं वळवायच्या ऐवजी नगरच्या रस्त्याला घातली.

"दादा, गाव तिकडं ऱ्हायलं."

गहिनीनाथ गाडी हाकत राहिला. भरल्या टाकीचं एवढं ओझं, पण करंजीचा घाट ती गाडी कण्हल्याशिवाय चढत होती. काचा खाली होत्या, फुफाटा आत येत होता, तरी आत गाळाचा वास कोंदला होता. मच्छिंद्रच्या एका बाजूला दार, दुसरीकडं हातभर रिकामी जागा. त्या जागेची ऊब त्याच्या मांडीला लागत होती. त्याला पुढं सहन होईना.

"दादा... त्या दिशी रोटर मीच..."

"ठावं हाय. झाकन उघडून बगितलं हुतं मी."

गाडी वळणावर वळली. मग बोलला का नाहीत, एवढं मच्छिंद्रनं कसंबसं विचारलं.

"तिनं शपथ घातली, त्याला काय बोलायचं न्हाई. म्हनली, पोरगं रागावलंय, राग इरला की येईल, लावील. दोन तास बसली हुती हितंच. मधी. रस्त्याकडं बगत." गहिनीनाथनं गिअर बदलला. "म्या बैल जुपायला काढलं, तरी उतरंना."

मच्छिंद्र ओक्साबोक्शी रडला. रडताना त्याला लाजही वाटली, की बारा वर्षांनी फुटलेलं हे रडं वहिनीसाठी होतं की आपण पकडले गेलो म्हणून होतं, हे त्याचं त्यालाच सांगता येईना. मग भीत भीत त्यानं विचारलं, "आन् परत बसवला कोनी? तुमी?"

"म्या न्हाई," गहिनीनाथ म्हणाला.

नगरच्या मोठ्या दवाखान्यापुढं त्यानं गाडी उभी केली, पण इंजिन चालू ठेवलं. फिरून मच्छिंद्रच्या बाजूला आला, दार उघडलं, त्याला खाली उतरायला लावलं. नंतर एक हात दाराला आणि दुसरा हात आत धरून तो तसाच उभा राहिला. अवघडलेल्या बाईला उतरायला लागतो तेवढा वेळ. पाटे करकरले आणि गाडी जराशी वर उचलली गेली. गहिनीनाथनं हळूच दार लावलं.

"तू थांब तिच्यापाशी," तो म्हणाला. "मला पानी न्यायचंय. लोकं खोळंबल्यात."

मच्छिंद्रनं दार धरलं, गयावया केली. मला एकट्याला सोडू नका म्हणाला. गहिनीनाथनं त्याची बोटं एकेक करून दारावरून सोडवली, रागानं नाही, सावकाश. बारा वर्षं मी थांबलो, आता तू थांब, एवढं म्हणाला आणि गाडी वळवून निघून गेला. संध्याकाळपर्यंत लव्हाळवाडीत सगळ्यांचे हंडे भरले.

मच्छिंद्र दवाखान्याच्या पायरीवर उभा होता. भर दुपारी व्हरांड्यात चिटपाखरू नव्हतं. पळून जावं असं त्याच्या मनात होतं, पण तो तिथंच थांबला. थोड्या वेळानं आतून एक नर्स घाईनं बाहेर आली. तिच्या पांढऱ्या बाहीला हिरवट चिखलाची बोटं उमटली होती.

"आत्ता आणलेल्या बाईबरोबर कोण आहे?"

मच्छिंद्रनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाही कळलं नाही.

"मग आत या ना. फार अवघड आहे तिचं," ती करवादली. "कळा द्यायच्या सोडून एकच विचारत बसलीय, भावजी आले का."