यमुताईचं चॅनेल

तो मोबाईल उलटा ठेव गा अंकित, डोळ्यात उजेड येते. हं. आता ऐका. दुर्गेश माझ्या साडूचा मुलगा. नंदनवन वस्तीत त्याचं साउंड दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्या तोंडून ऐकलं, तसंच सांगतो.

मागच्या वर्षीचा पोळा. पोळा म्हणजे अमावस्याच. दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघायची होती. दिवेलागणीला दुर्गेश धरमपेठेत गोपाळरावांकडे गेला. गोपाळरावांचा एकेकाळी ऑर्केस्ट्रा होता. त्यातला सगळे माइक जोडायचा जुना, पलंगाएवढा मिक्सर त्यांनी बैठकीत जपून ठेवला होता. नातवाला त्यावर रेकॉर्डिंग करायचं होतं, पण त्याचा सिग्नल इतका जोरकस, की कॉम्प्युटरमध्ये आवाज फाटायचा. सगळ्या चॅनेलची, म्हणजे एकेका माइकच्या वाटेची, लेव्हल आतून उतरवून सारखी करायची, एवढंच काम.

दुर्गेशने वरचा पत्रा काढला. एकेक चॅनेल करत गेला. सातव्यापाशी थांबला. तिथे कोणीतरी हाताने एक जादा रेझिस्टर डागला होता. वरची दांडी कितीही सरकवा, त्या माइकचा आवाज निम्म्याच्या वर जाणारच नाही, असा.

"काका, हे काहून लावलं?"

गोपाळराव सुपारी कातरत होते. हसले.

"ते यमुचं चॅनेल. दुसरी गाणारी होती आमची. पहिली तुझी सिंधूकाकू. पण टाळ्या यमुले पडत. मंग मीच लावलं ते. यमुले वाटे, आपलाच आवाज कमी पडून राहिला. ती आणखी जोर लावे, मंग आपल्या पितळी पेल्यातून मीठ-हळदीच्या गुळण्या करे. आम्ही मागं बसून पाहत होतो. गळ्याच्या शिरा अशा..." त्यांनी स्वतःच्या गळ्यावरून बोट फिरवलं. "एक दिवस गाता गाता रक्तच आलं तोंडातून. मंग मुकीच झाली. तशीच गेली बिचारी."

"तिले सांगितलं नाही कधी?"

"सांगून टाकलं तं मजा काय राहिली गा?"

सगळी चॅनेल सारखी करायची होती. त्याने सोल्डरगनचं तापलेलं टोक लावलं, रेझिस्टर सोडवला, मिक्सरला स्पीकर जोडला आणि सुरू केला.

सातव्या चॅनेलच्या मीटरचा काटा हलला.

त्याला माइक नव्हता. एक वायरही जोडलेली नव्हती. तरी स्पीकरमधून श्वास आला. बाईचा. सावकाश. गाण्याआधी छातीत भरून घेतात, तसा... मग सूर लागला. मोकळा. भरदार.

दुर्गेशने वळून पाहिलं.

गोपाळराव उभे होते. तोंड उघडं. ते ओरडत होते... आणि आवाज येत नव्हता. हातातला अडकित्ता फरशीवर पडला. त्याचा आवाज आला. त्यांचा नाही. पलीकडच्या खोलीत सिंधूताई सिरियल पाहत होत्या. त्यांनी मानही वळवली नाही.

सूर चढला.

गोपाळरावांच्या शिरा फुगल्या. ओठाच्या कोपऱ्यातून रक्ताची रेघ उतरली. त्यांनी रेझिस्टरकडे बोट केलं. हात जोडले. परत लाव... परत लाव...

दुर्गेशने मिक्सर बंद केला. त्यावरचे दिवे गेले. सूर गेला नाही. त्याने सोल्डरगन उचलली. गरम होती. रेझिस्टर चिमट्यात धरला.

सूर थांबला.

स्पीकरमधून कोणी अगदी हळू म्हणालं, "राहू दे ना गा भाऊ."

...

दुर्गेशने गोपाळरावांकडे पाहिलं. मग सोल्डरगनची पिन बोर्डातून काढली. सामान पिशवीत भरलं. सिंधूताईंना "येतो काकू" म्हटलं आणि निघून आला.

गोपाळराव आहेत अजून. दिवसभर तोंड उघडून ओरडत असतात. डॉक्टरांनी गळ्यात दुर्बीण घालून पाहिलं. गळा ठणठणीत आहे म्हणतात.

त्या रात्री सिंधूताई त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या, त्या सकाळीच परतल्या. रात्रभर घराला कुलूप. त्यांनी कुलूप काढलं, बैठकीत आल्या. मिक्सरवर एक पितळी पेला ठेवलेला होता. त्यांच्या घरचा नव्हता. आत मीठ-हळदीचं पाणी, गुळण्यांना देतात तसं.

वाफा निघत होत्या.