एकशे बारावा शब्द

एकशे अकरानंतर थेट एकशे तेरा.

तिनं पान मागं उलटलं, पुन्हा पुढं उलटलं. दोन पानं चिकटली असतील म्हणून कडेला नख घालून पाहिलं. चिकटली नव्हती. शिवणीपाशी कागदाची अरुंद पट्टी तेवढी उभी होती. मधलं पान कुणीतरी कापून नेलं होतं.

वही तिच्या बाबांची. बाबा सैन्याच्या भाषाशाळेत इंग्रजी शिकवायचे. पुस्तकातलं नव्हे, छावणीतलं. नव्या भरतीच्या पोरांना हुकूम कळावेत, थट्टा कळावी, आपली फजिती होतेय हे निदान वेळेवर कळावं, म्हणून तीस वर्षं त्यांनी सैनिकी बोलीतले शब्द या वहीत जमवले होते. एका शब्दाला एक पान. पुढच्या बाजूला अर्थ आणि उदाहरण. मागच्या बाजूला तो शब्द चुकवणाऱ्यांचे प्रताप, नावानिशी.

'रॉजर' हे कोणाचं नाव नव्हे. त्याला शोधत फिरू नये. निरोप मिळाला, एवढाच अर्थ.

'सिव्ही स्ट्रीट' नावाचा रस्ता नाही. सैन्य सोडल्यावरचं आयुष्य. पत्ता विचारू नये, सगळे तिथंच पोचतात.

'डेड ग्राउंड' म्हणजे स्मशान नव्हे. आपण उभे आहोत तिथून जी जमीन दिसत नाही, ती.

बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. भाषाशाळा ही वही छापणार होती आणि मजकूर उद्या छापखान्यात जायचा होता. ती स्वतः मुद्रितशोधक. 'मूळ वहीबरहुकूम, संपूर्ण' असा दाखला तिनंच द्यायचा होता. आणि वही संपूर्ण नव्हती.

वहीच्या शेवटी बाबांनी शब्दांची यादी केली होती. तिथं एकशे बाराच्या ओळीवर निळ्या शाईची जाड रेघ. एकदा नव्हे, चार-पाचदा फिरवलेली.

तिचा धंदाच खोडलेलं वाचायचा. तिनं ते पान खिडकीच्या काचेला मागच्या बाजूनं लावलं. बाबा लिहिताना पेन दाबायचे. रेघेखालून अक्षरं उलटी वर आली होती. ती एकेक करून तिनं वाचली.

हाउसवाइफ.

हा शब्द तिला अनोळखी नव्हता. सतरा वर्षांपूर्वी, ती एकोणीस वर्षांची असताना, बाबांच्या कोटाच्या खिशात तिला एक पोस्टकार्ड सापडलं होतं. लिहिणारा बाबांचा तुकडीतला दोस्त. दोघांची मातृभाषा वेगळी, मध्ये फक्त छावणीतलं इंग्रजी. तिला इंग्रजीत वर्गात सगळ्यांत जास्त गुण होते. बाबांचे उच्चार ती मैत्रिणींना करून दाखवायची आणि त्या हसून लोळायच्या. तिनं ते कार्ड आईला मराठीत वाचून दाखवलं.

"तुमची घरवाली माझ्याकडे सुखरूप आहे. तिच्यामुळं माझा हिवाळा निभावला. पुढच्या महिन्यात पाठवून देतो."

"घरवाली?" आई म्हणाली होती. "मग मी कोण?"

"काही चुकत नाहीये ना गं तुझं?" असंही तिनं विचारलं होतं.

"शाळकरी इंग्रजी आहे, आई. यात चुकण्यासारखं काय आहे?"

आईनं आरडाओरडा केला नाही. आपलं अंथरूण आतल्या खोलीत नेलं, एवढंच. पुढची चौदा वर्षं, ती जाईपर्यंत, ते तिथंच राहिलं. एकदा बाबांनी शर्टाचं तुटलेलं बटण पुढं केलं, तर आई म्हणाली, "तुमची ती आहे ना, तिच्याकडूनच लावून घ्या." बाबा चक्क हसले. "आहेच की! ती कुठं माझी साथ सोडते?" असं म्हणून खोलीत गेले आणि बटण लावून बाहेर आले. त्या निर्लज्ज हसण्यानंतर मुलीनंही त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचं ठरवलं. शेवटपर्यंत ती कामापुरतंच बोलली.

आणि आता तोच शब्द वहीत. बाबांनी त्या बाईला शब्दकोशात बसवलं होतं की काय? तसं असेल तर पान कुणी पळवलं? तिचा मान राखायला कोण धावलं?

वही दोघांच्याच हाताला लागली होती. एक आत्या. आई गेल्यापासून ती बाबांजवळ राहायची आणि कपाटाची किल्ली तिच्या कमरेला असायची. दुसरा बाबांचा जुना विद्यार्थी, आता भाषाशाळेतला मास्तर. पहिल्याच तासाला त्यानं "सर, हा रॉजर कोण?" असं विचारलं होतं. तेव्हापासून तो सगळ्यांचा रॉजर. वही आठवडाभर त्याच्याकडे होती आणि आज दुपारी तो ती न्यायला आला होता.

"बसा," ती म्हणाली. "चहा नंतर. वही तुमच्याकडून आणखी कुणाकडे गेली होती?"

"कुणाकडे नाही, ताई. टेबलाच्या खणात, कुलूप लावून."

"मागच्या बाजूला लोकांच्या चुका नावानिशी आहेत. तुमच्या किती?"

रॉजर कसनुसा हसला. "सव्वीस. वर्गात पहिला आलो होतो मी, त्या यादीत."

"तेच प्रताप आता तुमच्या विद्यार्थ्यांच्या हाती जाणार. एखादं पान नसतं तर बरं, असं वाटलं असेल."

"वाटलं ना. पहिलंच पान. ते आहे का बघा." तो थांबला. तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याचं हसू मावळलं. "ताई, कुठलं पान गेलंय?"

"एकशे बारा. कोणता शब्द होता?"

शब्द तिनं मुद्दामच सांगितला नाही. आपल्या घराची लक्तरं परक्यापुढं कोण वाळत घालील?

"नंबरानं नाही सांगता यायचं. पण माझी वर्गातली वही आहे. सर सांगायचे ते आम्ही त्याच क्रमानं उतरवून घ्यायचो. अर्ध्या तासात आणतो." तो उठला. दारातून वळून म्हणाला, "सव्वीसच्या सव्वीस छापा, ताई. सरांनी लिहिलंय ते."

ज्याला लपवायचं असतं तो पुरावा आणायला एवढा पळत नाही. ती स्वयंपाकघराकडे वळली.

"आत्या, बाबांच्या वहीतलं पान कुणी कापलं?"

"मला काय विचारतेस? इंग्रजीतलं काळं की गोरं मी ओळखत नाही."

"किल्ली तुझ्याकडे होती."

"कपाटाची होती. तुझ्या बापाच्या मनाची नव्हती." आत्या भांडं घासत राहिली. ते भांडं केव्हाच लख्ख झालं होतं.

"तुला माहीत आहे, आत्या."

"सगळंच माहीत करून घ्यायला हवं का, पोरी? छाप की तेवढं सोडून."

तिनं वही पुन्हा उजेडात धरली. या वेळी शब्द नाही, नुसता कागद पाहिला.

कापलेली कड सरळ नव्हती. छोट्या छोट्या पायऱ्या होत्या. ब्लेडनं कड सलग येते. मोठ्या कात्रीनं दोन-तीन टप्प्यांत. इथं पंधरा-वीस चावे होते. म्हणजे बोटभर लांबीची कात्री.

दुसरी गोष्ट तिला आधीच दिसायला हवी होती. शिवलेल्या वहीत दोन पानांचा मिळून एक कागद असतो. एक पान कापलं की पलीकडचं त्याचं जोडपान सुटं होतं आणि दोन दिवसांत गळून पडतं. इथं ते पडलं नव्हतं. कुणीतरी ते नव्यानं शिवून टाकलं होतं. खाकी दोऱ्यानं, बारीक टाक्यांनी, शेवटी दुहेरी गाठ.

ही गाठ तिनं पाहिली होती. ती बाबांच्या कपाटापाशी गेली. खुंटीवर शेवटचा शर्ट तसाच होता. प्रत्येक बटणाखाली दुहेरी गाठ.

तळाच्या खणात एक खाकी कापडाची गुंडाळी होती. नाडी सोडून तिनं ती उलगडली. सुया, दोरा, सहा बटणं, अंगठीसारखं अंगुस्तान आणि बोटभर लांबीची कात्री. कापडाच्या कोपऱ्यावर बाबांचा सैनिकी क्रमांक.

रॉजर परत आला तेव्हा ती ते सगळं टेबलावर मांडून बसली होती. तो दारातच थबकला.

"अरे वा! सरांची हाउसवाइफ!"

तिनं एकदम वर पाहिलं. "काय म्हणालात?"

"ही गुंडाळी हो. हाउसवाइफच म्हणतात हिला सैन्यात." त्यानं आपली वही उघडली. "हा बघा तुमचा एकशे बारावा." आणि बाबांच्याच हेलात तो वाचू लागला. "'हाउसवाइफ.' घरची बाई नव्हे. सुई, दोरा, बटणं ठेवायची कापडी गुंडाळी. छावणीत बायको नसते, म्हणून बिचारीला हे नाव. बोलताना हिलाही 'शी' म्हणतात. उदाहरण: 'युअर हाउसवाइफ इज सेफ विथ मी.' तुझी गुंडाळी माझ्याकडे सुखरूप आहे."

रॉजरनं वही तिच्यापुढं ठेवली.

"खरं पत्र होतं ते. बदलीच्या गडबडीत सरांची गुंडाळी दोस्ताकडे राहिली होती. सर दर वर्षी हे उदाहरण द्यायचे आणि स्वतःच पोट धरून हसायचे. मग तीन वर्षांपूर्वी अचानक फोन आला. म्हणाले, 'हाउसवाइफ' शिकवणं बंद कर. कारण नाही सांगितलं."

"आत्या," तिनं हाक मारली. "बाहेर ये. बस इथं. तुम्हीही बसा. पान कुणी कापलं ते सांगते."

आत्या पदराला हात पुसत आली.

"चोर पान नेतो, वही शिवत बसत नाही. ज्यानं कापलं त्याला पान नको होतं, पण वही मोडायला नको होती. कात्री ही. दोरा हा. गाठ बाबांची. पान बाबांनीच कापलं." तिचा आवाज कामावरच्यासारखा सपाट होता. "केव्हा? तीन वर्षांपूर्वी, फोनच्या सुमारास. म्हणजे आई गेल्यावर. का? ज्या शब्दावर चौदा वर्षं हसले, तो एका दिवसात नकोसा का झाला? कारण तो शब्द या घरात काय करून गेला हे त्यांना तेव्हा कळलं. आईनं त्यांना कधीच विचारलं नव्हतं. मीही नाही. सांगू शकेल असं एकच माणूस उरलं होतं." तिनं आत्याकडे पाहिलं.

आत्या खाली बसली. "तिनं आजारपणात मला सांगितलं होतं. ती गेल्यावर माझ्यानं राहवेना. मी त्याला धारेवर धरलं, कोण होती रे ती सटवी? तो आधी गोंधळला. मग उठून ही गुंडाळी घेऊन आला. 'ही,' म्हणाला."

"आणि?"

"विचारलं, पत्र कुणी वाचून दाखवलं? मी म्हटलं, पोरीनं. बराच वेळ ह्या बटणांशी खेळत बसला. मग म्हणाला, 'तिला कळता कामा नये. ती शब्दांवर पोट भरते.'"

तिनं कात्री गुंडाळीत परत ठेवली.

"पान कापलं ते बाबांनी," ती म्हणाली. "पण तो गुन्हा नव्हे. गुन्हा सतरा वर्षांपूर्वीचा, आणि तो माझा. मला शब्द येत नव्हता. येतो असं मला वाटलं. आईनं विचारलंही होतं, काही चुकत नाहीये ना? बाबा पलीकडच्या खोलीत होते. आठ पावलांवर. त्यांना विचारायला मला लाज वाटली. त्यांच्या चोरीची नव्हे, त्यांच्या इंग्रजीची."

आत्या तिच्या पाठीवर हात ठेवायला पुढं आली. ती बाजूला सरकली.

"ताई," रॉजर म्हणाला, "सरांची इच्छा होती तर हे पान राहू दे. दाखला मी देतो. नाहीतर निदान उदाहरण बदलू."

"उदाहरण तेच राहील."

तिनं कोरा कागद ओढला आणि त्याच्या वहीतून एकशे बारावा शब्द उतरवून काढला, पेन दाबून. पुढची बाजू झाली. मग कागद उलटला. चुकवणाऱ्यांची बाजू. तिथं तिनं आपलं नाव लिहिलं, खाली चुकीचा अर्थ लिहिला. त्याखाली एक ओळ.

रॉजरनं कागद उचलून वाचला. 'अर्थाची शंका असो वा नसो, शब्द ज्याचा आहे त्याला विचारावे. तो बहुधा शेजारच्या खोलीत असतो.'

"ही टीप सरांची नाही," तो म्हणाला.

"नाही." तिनं सुईत खाकी दोरा ओवायला घेतला. दोरा दोनदा हुकला. तिसऱ्यांदा गेला. "पट्टी सरळ धरा जरा. हे पान आत शिवायचंय."