हे येतील

रत्नागिरीत आगगाडी नव्हती, तरी भिकाजी तोडणकरांनी एका रविवारी रेडिओवर तासभर आगगाडीची गाणी वाजवली होती. एक बंगाली, एक कव्वाली, एक बोटीवरच्या खलाशाने आणून दिलेली अमेरिकन तबकडी. लोकांनी पत्रं टाकली, की गाडी राहू दे, निदान शिटी तरी ऐकली. 'एक धागा' हा त्यांचा कार्यक्रम दर रविवारी सकाळी साडेदहाला लागे. दर वेळी एक विषय, आणि त्यावर कुठल्याही मुलखातली, कुठल्याही गळ्यातली गाणी.

चौऱ्याऐंशीच्या माघात त्यांची बायको मथुरा गेली. आठवड्यापुरता ताप, आणि गेली. भिकाजींनी जिल्हाभर फिरून आवाज टिपले होते. हर्ण्याचा मासळीचा लिलाव, आंजर्ल्याचं भजन, जात्यावर बसलेल्या म्हाताऱ्या. मथुरेचा आवाज मात्र एकाही फितीवर नव्हता. घरातलंच माणूस, कधीही टिपता येईल, असं वाटत राहिलं. आता तिची वाक्यं आठवत, आवाज आठवत नसे. तो एकदा कानावर पडावा, याखेरीज त्यांना दुसरं काही नको होतं.

वैशाखात तुळसा मासळीची टोपली घेऊन दारात आली.

"काय वो भाऊ, रेडिओवर बाय कोन घेतलीव संगती?"

"कोण बाई?"

"तीच. तुमी बोललाव की मधीच बोलते ती. बायको जाऊन तीन म्हयने नाय झाले."

बांगडे ताटात टाकून ती गेली.

भिकाजींना ती कुचाळकी वाटली. मग पत्रं येऊ लागली. बाईंचा आवाज छान आहे. बाईंना गाणीही म्हणायला सांगा. एकाने लिहिलं होतं, विहिरीच्या गाण्यांच्या दिवशी तुम्ही बोलता बोलता रहाटाला बैल जुंपलात आणि बाईंनी तुम्हाला गप्प केलं, 'आमच्याकडे माणूस पायाने ओढतो' म्हणून. मजा आली.

मथुरेच्या माहेरी, मालगुंडला, पायरहाट होता.

त्यांनी त्या दिवसाची फीत रघूकडून लावून घेतली. रघू रेडिओ केंद्रातला तंत्रज्ञ, त्यांच्याच वयाचा, केंद्र निघाल्यापासून काचेपलीकडे बसणारा. दोघांनी फीत दोनदा ऐकली.

"बाईबिई काही नाही," रघू म्हणाला. "तू चार ठिकाणी थांबलायस, एवढंच."

"मी थांबलो नव्हतो."

"फीत खोटं बोलत नाही रे."

कार्यक्रम थेट जायचा, म्हणून भिकाजींना तो कधी रेडिओवर ऐकता येत नसे. एकदा त्यांनी तो शुक्रवारीच भरून ठेवला आणि रविवारी घरी पडवीत ट्रान्झिस्टर घेऊन बसले. दगडी गडग्यापलीकडे शेजारच्या आनंदीबाईंच्या घरीही तेच लागलं होतं. भिकाजींना आपलाच आवाज ऐकू आला. मग तो थांबला. नुसती खरखर.

पलीकडे आनंदीबाई हसल्या. "खरं हो बाई," त्या म्हणाल्या. "सगळे पुरुष मेले सारखेच."

भिकाजींनी ट्रान्झिस्टर कानाला दाबून धरला. कान दुखेपर्यंत धरला. खरखरच.

"अख्ख्या जिल्ह्याला ऐकू येते," दुसऱ्या दिवशी ते रघूला म्हणाले. "मलाच नाही."

रघूने चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

त्यानंतर भिकाजी मुद्दाम जागा सोडू लागले. एक वाक्य बोलायचं आणि मनात दहा आकडे मोजायचे. रघू काचेवर टकटक करी. इतका वेळ आवाज बंद राहिला तर वरून विचारणा होईल, म्हणे. भिकाजी मोजत राहत.

आषाढात मालगुंडहून सखाराम मास्तरांचं कार्ड आलं. मास्तर निवृत्त झाले होते, पण तपासणं सुटलं नव्हतं.

'महोदय, आपल्या सहकारी बाईंचे व्याकरण सुधारावे. आपण थांबलात की त्या दर वेळी "हे येतील" असे म्हणतात, आणि मग गाणे लागते. गाणे नपुंसकलिंगी, एकवचनी. "हे येईल" असे हवे. चुकीचे मराठी मुलांच्या कानी पडू नये.'

भिकाजींनी कार्ड उभ्या उभ्या तीनदा वाचलं.

बावीस वर्षांत मथुरेने त्यांचं नाव घेतलं नव्हतं. वाण्याकडे, शेजारी, माहेरी, सगळीकडे ते 'हे' होते. हे जेवतील. हे सांगतील. दिवेलागणीला दारात कुणी विचारलं, तर, बसा ना, हे येतील.

ती गाण्यांबद्दल बोलत नव्हती.

पुढच्या रविवारचा विषय होता 'हाक'. भिकाजी दाढी करून, परीटघडीचा सदरा घालून आले.

"लग्नाला निघालास काय?" रघूने विचारलं.

"बघू," भिकाजी म्हणाले.

लाल दिवा लागला. पहिलं गाणं डोंगरातल्या धनगराचं होतं. ते संपलं. भिकाजींनी कानांवरचे हेडफोन नीट केले आणि कागद बाजूला ठेवला.

"मथुरे," ते म्हणाले. "मला का ऐकू येत नाही?"

टेबलावरचा, आवाज मोजणारा काटा हलला नाही.

ते पुन्हा बोलले, मोठ्याने. काटा पडूनच होता.

काचेपलीकडे रघूने एक वायर काढून पुन्हा लावली. मान वर केली. भिकाजींनी हात हलवला. रघूची नजर त्यांच्यावरून सरकत दारापर्यंत गेली आणि परत आली.

भिकाजी गप्प झाले.

काटा उठला. थरथरला, चढला, खाली आला. कुणीतरी सावकाश, खालच्या आवाजात बोलावं तसा.

हेडफोनमध्ये काहीच नव्हतं.

रघू ऐकत होता. त्याचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं. मग त्याने स्टुडिओत बोलण्याचं बटण दाबलं.

"बाई," तो अदबीने म्हणाला, "भिकाजी कुठं गेला हो?"

भिकाजींनी दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबले आणि श्वास रोखला.

काटा हलला. दोनच शब्दांपुरता.