दगडफुलाची सुनावणी

आता मला सांगा, जी वस्तू आपण मुद्दाम निवडून, तेलावर परतून मसाल्यात घालतो, तीच मसाल्यात सापडली म्हणून कुणी मसाल्याला सील ठोकलं, तर त्याला काय म्हणायचं? अकरा वर्षांच्या नभा शेडगेला हे कळेना, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी वाईत कुणालाच कळत नव्हतं.

साल होतं २०६३. नभाची तन्वीआत्या मसाल्याचं कांडप चालवायची आणि सुट्टीत नभा दिवसभर तिथंच असायची. उन्हाळ्यात तिला मान वर करायला फुरसत नसे, कारण वर्षाचा मसाला लोक तेव्हाच करून घेतात. अशा ऐन घाईत सोमवारी सकाळी अन्नतपासणीचा रोबो दारात उभा राहिला. त्याचं सरकारी नाव हातभर लांब होतं, पण त्याच्या पुढं आलेल्या वास घेणाऱ्या नळीमुळं गावानं त्याचं नाव नाकाडेसाहेब ठेवलं होतं. नाकाडेसाहेबांनी गोड्या मसाल्याची चिमूट नळीत ओढली, दोन मिनिटं घुर्र घुर्र केलं आणि म्हणाले, "बुरशी आढळली. नियम चाळीस. विक्री बंद. परवाना रद्द का करू नये, हे गुरुवारी येऊन सांगावं."

"अहो, बुरशी कुठली? सगळं भाजून घातलंय मी," आत्या म्हणाली. तिच्या तोंडचं पाणीच पळालं होतं.

"दगडफूल ही बुरशी आहे," नाकाडेसाहेब म्हणाले आणि सील लावून चालते झाले.

नभानं लगेच पाटीवर शोधलं. (तेव्हाच्या मुलांकडं बोलणाऱ्या पाट्या होत्या.) पाटी म्हणाली, दगडफूल हे शैवाक आहे (बुरशी आणि शैवाल या दोघांनी एकमेकांच्या आधारानं थाटलेला संसार). म्हणजे रोबो अर्धं खरं बोलत होता की! पण दगडफुलाशिवाय गोडा मसाला म्हणजे नुसता भुसा. मग चूक कुणाची? आत्याची, रोबोची, की नियमाची? नभाचं डोकं पार भंजाळून गेलं. आत्यानं तर जेवण टाकलं होतं. परवाना गेला तर कांडप बंद, आणि कांडपाखेरीज दुसरं काही करायची तिला इच्छाही नव्हती.

गुरुवारी दोघी तालुक्याच्या कचेरीत गेल्या. नभाला वाटलं होतं, आत आणखी मोठा रोबो बसला असेल. पण टेबलामागं तबस्सुम मुजावर नावाच्या सुनावणी अधिकारी होत्या, चष्मा कपाळावर सरकवून चहा पीत. नाकाडेसाहेब कोपऱ्यात उभे होते.

नभाला राहवलं नाही. "मॅडम, सील यांनीच लावलं. मग निकालही यांनीच का नाही दिला?"

"कबड्डीत चढाई करणाराच पंच झाला तर चालेल का तुला?" मॅडम म्हणाल्या. "ज्यानं पकडलं, त्यानं निवाडा करायचा नाही. दुसऱ्यानं करायचा, तोही समोरच्याचं म्हणणं ऐकून आणि कारणं लिहून. सरकारनं आपले अधिकार कसे वापरायचे, हे सांगणारा एक कायदाच असतो. त्याला प्रशासकीय कायदा म्हणतात."

"पण बुरशी नको, हे ठरवलं कुणी? तुम्ही?"

"मी नाही. विधिमंडळानं (निवडून दिलेल्या लोकांची सभा) एवढंच ठरवलं की, अपाय करणारं अन्न विकायचं नाही. आता अपाय कशानं होतो, किती झाला म्हणजे जास्त, हे त्या सभेला कुठून माहीत असणार? म्हणून त्यांनी ते काम जाणकारांवर सोपवलं. जाणकारांनी नियम केले. नाकाडेसाहेब ते नियम लावतात."

"मग सगळ्यात मोठं कोण?"

"कुणीच एकटं नाही," मॅडम हसल्या. "गोंधळलीस ना? मीही पहिली दोन वर्षं गोंधळलेलीच होते."

मग त्यांनी नाकाडेसाहेबांना नियम वाचायला लावला. 'मसाल्यात बुरशी आढळू नये.' बस्स, एवढंच. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं कुबट मिरची होती, दगडफूल कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "नियमाचा हेतू पाहायला हवा. अपाय न करणाऱ्या दगडफुलासाठी कांडप बंद करणं मला पटत नाही. पण साहेब, दगडफुलाखेरीज दुसरी बुरशी होती का?"

"माझी नळी बुरशी आहे की नाही, एवढंच सांगते. कोणती, ते सांगत नाही," नाकाडेसाहेब म्हणाले. त्यांचा दिवा पिवळा झाला. रोबो गोंधळला की तसं व्हायचं.

"तन्वीताई, तुम्हीच सांगा."

आत्यानं नजर खिडकीबाहेर वळवली. शनिवारी नभानं पाहिलं होतं. सुक्या खोबऱ्याच्या एका वाटीला आतून हिरवट बुरशी लागली होती. आत्यानं ती चाकूनं खरवडली, फडक्यानं पुसली आणि गोड्या मसाल्यासाठी भाजायला टाकली. घरोघरी असंच करतात, त्यात काय एवढं? पण आत्ता बोलावं की गिळून टाकावं? बोललं तर आत्याचा परवाना जाईल. नाही बोललं तर, मॅडमनी इतकं समजावून सांगितलं, ते सगळं फुकट.

"खोबरं," नभा पुटपुटली. मग तिनं सगळं सांगितलं, आत्याकडं न बघता.

मॅडमनी चहाचा कप बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "बुरशीचा वरचा थर खरवडता येतो गं, पण तिचे बारीक तंतू आत उतरलेले असतात. भाजल्यावर बुरशी मरते, पण काही बुरशा विष सोडतात आणि ते बरंचसं तसंच राहतं."

"माझी आईही खरवडूनच घ्यायची," आत्या म्हणाली.

मॅडमनी निकाल लिहिला आणि प्रत्येक वाक्यापुढं कारण लिहिलं. दगडफुलासाठी लावलेलं सील रद्द. शनिवारच्या खेपेचा नमुना प्रयोगशाळेत जाईल, तिथला अहवाल येईपर्यंत तेवढीच खेप बंद. परवाना कायम, पण खोबरं निवडायची पद्धत पंधरा दिवसांत बदलायची. पटलं नाही तर वर अपील करायची मुभा.

"आणि नियम चाळीस बदलायचं घाटतंय," त्या म्हणाल्या. "नवा मसुदा (कच्चा आराखडा) सगळ्यांपुढं ठेवलाय. सूचना कुणीही पाठवू शकतं. वयाची अट नाही."

बाहेर बाकावर दोघी बसल्या. नभानं घाबरत विचारलं, "रागावलीस?"

"रागावले होते," आत्या म्हणाली. "काढ ती पाटी. लिही, दगडफूल मसाल्यात चालावं."

नभानं लिहिलं.

"पुढं लिही. खोबऱ्याला बुरशी दिसली तर खरवडून चालणार नाही, अख्खी वाटी टाकून द्यावी. खाली माझं नाव घाल, कांडपाचंही घाल." आत्यानं पदरानं डोळे पुसले. "शनिवारच्या खेपेतली पहिली बरणी मी तुमच्याच घरी धाडणार होते गं."